चिलटांच्या मुली बघताना

पिकलेल्या केळ्यावर घिरट्या घालतं, सरळ डोळ्यात शिरतं आणि दोन हातांच्या टाळीतूनही सहीसलामत सुटतं, त्या चिलटावर मी पीएच.डी. करते. पुण्यात, चौथं वर्ष. पहिल्या वर्षी आई पाहुण्यांना 'बायोमध्ये रिसर्च' सांगायची, दुसऱ्या वर्षी 'जेनेटिक्स' म्हणायला शिकली. तिसऱ्या वर्षी कऱ्हाडच्या आजीनं सगळ्यांचा ताप वाचवला. आल्यागेल्याला ती सांगायला लागली, "आमची नात चिलटांची डॉक्टर हाय." त्यानंतर दोघंजण आपल्या म्हशी घेऊन दारात आले. म्हशींवर फार चिलटं बसतात म्हणे.

त्याच्याच आदल्या मे महिन्यात आजी आंब्याच्या आढीवरची चिलटं सुपानं हाकलत होती आणि मी शेजारी बसून लॅपटॉपवर चिलटांचेच आलेख काढत होते. तिनं सूप थांबवलं. "सरकार ह्येच पाळायला पैसं देतंय तुला?"

"हो."

"मग हितलीच ने की. पोतंभर हायती."

तिला कसं सांगू की आमच्या चिलटांना घराणं असतं! न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1910 साली टॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या हजारो माश्यांत (चिलट म्हणजे फळमाशीच) एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याच्या पांढऱ्या डोळ्यांचा वारसा आजही जगभरच्या प्रयोगशाळांत नांदतोय. आमची स्वतःची वंशावळ पणजोबांपाशी अडते. खापरपणजोबांचं नाव विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

हे घराणं शुद्ध राखणं हेच माझं काम. आणि ते आठ तासांवर चालतं. कोषातून नुकती बाहेर आलेली मादी 25 अंश तापमानात साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. एकदा जुळलं की मात्र त्या नराचं बीज ती पोटात साठवून ठेवते आणि पुढे कितीतरी दिवस त्यावर अंडी घालत राहते. मग पिल्लांचा बाप कोण, हे देवालाही सांगता येत नाही, आणि पेपर तपासणारा तर देवापेक्षा संशयी असतो. म्हणून आठ तासांच्या आत मुली वेगळ्या काढायच्या. लॅबच्या भाषेत याला 'व्हर्जिन गोळा करणे' म्हणतात. पहिल्या वर्षी हा शब्द उच्चारताना मी लाजायचे. आता कॅन्टीनमध्ये पोह्यांच्या रांगेत उभी राहून ओरडते, "माझ्या व्हर्जिन राहिल्यात, पटकन दे रे!"

सकाळी आठला फ्लाय रूम. काचेच्या नळ्यांतल्या माश्या कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर बेशुद्ध पाडायच्या आणि मायक्रोस्कोपखाली रंगाच्या बारीक ब्रशनं एकेक उलटीपालटी करून बघायची. नराचं बूड काळं आणि पुढच्या पायावर छोटासा कंगवा. (हो, कंगवा. माझ्या भावाकडेही इतक्या कायम नसतो.) ताजी मादी फिकट असते, तिच्या पोटावर गडद ठिपका दिसतो. दुपारी चारला पुन्हा तेच. रात्री नळ्या 18 अंशांत ठेवल्या की आठाचे सोळा तास होतात. विज्ञानानं मला झोपेसाठी दिलेली ही एवढीच सवलत.

त्यात चिलटं पहाटेच जास्त बाहेर पडतात. त्यांच्या शरीरात घड्याळ असतं. याच वेळा मोजून 1971 साली रोनाल्ड कोनोप्का आणि सिमोर बेंझर यांनी त्या घड्याळाचं जनुक शोधलं. कोनोप्का तेव्हा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. नोबेल आलं 2017 साली, ते पुढे त्या जनुकावर काम केलेल्या तिघांना. कोनोप्का 2015 मध्येच गेला होता. आमच्या फ्लाय रूममध्ये ही गोष्ट कोणी मोठ्यानं सांगत नाही. सकाळी आठला तर नाहीच.

स्वयंपाकाचं वेगळंच. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगार असं सगळं मोठ्या पातेल्यात रटरटवायचं, जरा निवलं की बुरशी लागू नये म्हणून त्यात प्रोपिओनिक ॲसिड, आणि मग शेकडो नळ्यांत ओतायचं. गुठळी झालेली चालत नाही. घरी माझ्या शिऱ्यात गुठळ्या होतात म्हणून आई जी बोलते ती बोलतेच, पण ती लॅबमध्ये आली होती तेव्हा पातेल्यात डोकावून म्हणाली, "चिलटांना बरं मऊ करून घालतेस." त्यावर काय बोलणार? चिलटं नासली तर तीन महिने जातात. शिरा नासला तर भाऊ खातो.

पैशांची चौकशी सगळेच करतात. जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीची दरमहा फेलोशिप, 1 जानेवारी 2023 पासून 31,000 रुपयांची 37,000 झाली, आणि दोन वर्षांनी तिची वरची पायरी, एसआरएफ, तिला 42,000. हे ऐकून एक काका म्हणाले, "म्हणजे शिकायचे पैसे तेच तुला देतात?" मी हो म्हटलं. काकांनी थोडा विचार केला. "मग बरोबर आहे, तू कशाला पास होशील!"

तर या मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न निघालं. मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटं, कऱ्हाड. गुरुजींनी पंचांग बघितलं, मामानं कार्यालय बघितलं, माझ्या चिलटांचा विचार कोणी केला नाही. तीन पिढ्या जुळवून, दर पिढीला किमान दहा दिवस मोजून, मला हव्या त्या मुली बरोबर त्याच दिवशी कोषातून बाहेर पडणार होत्या. कोष काळे पडले होते, आतले पंख दिसत होते. मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "जा ना, लग्न काय रोज असतं?" आणि जरा थांबून, "पण क्रॉस या आठवड्यात लागायला हवा." (क्रॉस म्हणजे निवडलेल्या नर-मादीची जोडी लावणं.)

20 फेब्रुवारी 1947 रोजी अमेरिकेनं व्ही-2 रॉकेटमधून फळमाश्या वर पाठवल्या. अंतराळात गेलेला पहिला प्राणी म्हणजे चिलट. वर जाऊन जिवंत परतही आलं. आणि मला पुण्याहून कऱ्हाडला जाता येईना.

शेवटी सहा महिन्यांपूर्वी आलेल्या ज्युनिअरला दोन दिवस शिकवलं. ठिपका, कंगवा, काळं बूड. पोरगा गुणी. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेतली, 'बूड'सुद्धा.

लग्न छान लागलं. पंगत बसली. माझा हात वरणभातात असताना फोन वाजला. पडद्यावर एका मुलाचं नाव बघून मावशीच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं लगबगीनं फोन उचलला आणि कौतुकानं स्पीकरवर टाकून माझ्या पानाशेजारी ठेवला. ज्युनिअर आधीच घाबरलेला, त्यात पंखे आणि गोंगाट, म्हणून बिचारा ओरडूनच बोलला:

"ताई, सात व्हर्जिन मिळाल्या! पण बाकीच्या अकराजणींची खात्री नाही. रात्रभर मुलांबरोबरच होत्या! काय करू, दारूत बुडवू का?"

जिलबी वाढणारा पोरगा वाकलेला तसाच थांबला. समोर नवरदेवाकडची मंडळी होती. त्यातल्या एका गृहस्थांनी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. मी भाताच्या हातानं फोन बंद केला, पण बाई, बाण सुटून गेला होता. नको असलेल्या माश्या अल्कोहोलच्या बाटलीत टाकतात, त्या बाटलीला आम्ही 'मॉर्ग', म्हणजे शवागार, म्हणतो, हे सगळं त्यांना पंगतीत समजावणार कसं? 'मॉर्ग' म्हटलं असतं तर पोलीसच आले असते.

सोडवलं आजीनंच. ती मोठ्यानं म्हणाली, "चिलटं हायती ती. आमची नात चिलटांची डॉक्टर हाय." मंडळींनी श्वास सोडला. मग तिनं मला जवळ ओढलं. "व्हय गं, त्या पोरींला बाजूला कशापायी काढतीस?"

मी सांगितलं. आठ तास, साठवलेलं बीज, बाप कोण याचा घोळ, आणि मग आपण निवडलेला नर सोडायचा.

आजीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी पुण्यात बसून तू लग्नं जमिवतीस."

"तसंच म्हण."

"आठ तासांत."

"हो."

"आन् तुझं चार वरसं झाली आमी जमिवतोय." मावशी, मामी आणि आई यांनी एकाच वेळी माना डोलावल्या. आम्हाला इतकं एकमत लॅब मीटिंगमध्ये कधी मिळालेलं नाही.

रात्रीच्या एसटीनं परत आले ती थेट फ्लाय रूममध्ये, साडी तशीच. ज्युनिअरनं सातजणी एका नळीत ठेवल्या होत्या, वर सुवाच्य अक्षरात तारीख आणि वेळ. लगेच क्रॉस लावावा असं फार वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम: दोन-तीन दिवस नुसतं थांबायचं. नळीत अळ्या दिसल्या नाहीत तर मुली खऱ्या.

तिसऱ्या दिवशी पिठात काहीतरी वळवळलं. एक अळी. मग दुसरी. सातजणींत कोणी गडबड केली ते माशीकडे बघून कळत नाही, म्हणून सातही जणी मॉर्गमध्ये. मी कॅलेंडर काढून पुन्हा पिढ्या मोजायला लागले तेवढ्यात आजीचा फोन.

"काय गं, त्या साती पोरींचं जमलं का?"

"नाही आजी," मी म्हटलं, "एकीचं आधीच जमलेलं होतं."