तीनशे युनिटांचा हिशेब

मास्तरने आठवीच्या पोरांना अणुवीज प्रकल्पाचं चित्र काढायला सांगितलं होतं. त्यातले दहा-बारा कागद घेऊन तो रविवारी सकाळी वाशीच्या मिनी सीशोअरच्या कट्ट्यावर आला. जवळपास प्रत्येकात कमरेत बारीक झालेले दोन अजस्र मनोरे आणि त्यातून निघणारा काळाकुट्ट धूर.

"हे कार्टूनमधून उचललंय," नीता म्हणाली. तिचाही मुलगा आठवीत आहे, तेव्हा तिला माहीत असणारच.

अण्णांनी चष्मा वर केला. कोराडीच्या औष्णिक केंद्रात त्यांची हयात गेली. "मनोरे आमच्याकडंही होते. कूलिंग टॉवर म्हणतात त्यांना. पाणी थंड करायला असतात. त्यातून वाफ निघते, धूर नाही. अणूशी त्यांचा काडीचा संबंध नाही."

"आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रात तर ते नाहीतच," बोईसरकर म्हणाला. "समुद्र दाराशी असताना मनोरे कशाला बांधतील? समुद्राचं पाणी आत घेतात, वाफ थंड करतात, पाणी परत सोडतात."

इथून वादाला तोंड फुटलं. मास्तरचा बेत असा होता: पहिल्या तासाला अणू, मग केंद्रक, न्यूट्रॉन, साखळी अभिक्रिया (एक अणू फुटला की त्यातून पुढचे फुटत जाणं), आणि चौथ्या तासाला कुठं वीज. अण्णांना हे अजिबात पटेना.

"अरे, उलटं कर. तार आणि चुंबक घे. तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलवलं की वीज वाहते, हे फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं. पोरांच्या हातात सायकलचा डायनॅमो दे, दिवा लागू दे. मग विचार, हा फिरवायचा कुणी? कोयनेत पाणी फिरवतं. आमच्याकडं कोळशावर पाणी उकळून केलेली वाफ फिरवायची, मिनिटाला ३००० फेरे. तारापूरलाही वाफच. फक्त चूल वेगळी. अणू सगळ्यात शेवटी आण."

"मग अणूची मजा काय राहिली?"

"मजा? माझ्या आजोळी म्हातारी माणसं सांगायची, धरणावर वीज काढून घेतात म्हणून खालच्या पाण्यात सत्त्व राहत नाही, पिकं येत नाहीत. कारण फिरणारं चाक त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं."

मी अण्णांच्या बाजूनं होतो आणि अजूनही आहे. पण नीतानं शांतपणे विचारलं, "आणि सोलर? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनल आहेत. तिथं काहीच फिरत नाही." अण्णा थोडे गडबडले. तो वेगळा तास, असं म्हणून मास्तरने त्यांना सोडवलं.

नीताचा खरा मुद्दा पुढंच होता. "'फक्त चूल वेगळी' हे वाक्य मला खटकतं, अण्णा. यानं पोरांना वाटणार, साधं पाणी तर उकळायचंय. परवा माझा मुलगा विचारत होता, तारापूर फुटलं तर हिरोशिमा होईल का?"

"होणार नाही," मास्तर म्हणाला. "तिथल्या तिसऱ्या-चौथ्या युनिटात, म्हणजे अणुभट्टीत, नैसर्गिक युरेनियम वापरतात. त्यात फुटणारं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के. पहिल्या दोन युनिटांत थोडं जास्त, पण तेही बॉम्बच्या जवळपास येत नाही."

"मग जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात काय फुटलं?"

"हायड्रोजन."

"तो का साठला? पुस्तकात नेमकं तेच नसतं."

इथं मात्र अण्णांनीच नीताची बाजू घेतली. "बरोबर बोलतेय ती. आमच्याकडं कोळसा थांबवला की थोड्या वेळात खेळ खलास. अणुभट्टीत तसं नाही. साखळी अभिक्रिया बंद केली तरी आत तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देत राहतात. सुरुवातीला सहा-सात टक्के, तासाभरानं साधारण दीड टक्का. ऐकायला थोडं वाटतं. पण ५४० मेगावॅटच्या युनिटात मूळ उष्णता तिपटीहून जास्त असते, तेव्हा बंद केल्या क्षणी शंभरेक मेगावॅट उष्णता आत असतेच. ती काढायला पंप चालूच हवा. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा तिथल्या चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. मग त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले आणि पंप थांबले. इंधन तापून त्याच्या आवरणाची वाफेशी अभिक्रिया झाली, त्यातून हायड्रोजन."

"बस, एवढंच शिकवा," नीता म्हणाली. "भीती दाखवू नका आणि गोडही करू नका."

मास्तरने वहीत लिहून घेतलं. मला मात्र आकडे हवे होते. पोरांना घरचं वीजबिल आणायला सांग, मी म्हणालो. आमचं उन्हाळ्यात ३०० युनिट येतं. एका युनिटाला आपल्याकडच्या केंद्रात साधारण सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे महिन्याला दोनशे किलो. आपल्या कोळशात राख फार, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. तेव्हा सत्तरेक किलो राख नुसत्या आमच्या घराची.

"आणि युरेनियम?" मास्तर मोबाईल काढून गणित मांडू लागला. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत एका किलोमागं अठ्ठेचाळीस हजार युनिटच्या आसपास वीज निघते. भागाकार केला. सहा ग्रॅम.

कट्टा क्षणभर गप्प झाला. अण्णांना हा आकडा आवडला नसावा, चाळीस वर्षं कोळशात काढलेला माणूस.

"सहाच ग्रॅम कसे?" बोईसरकर उसळला. "झारखंडात जादूगोड्याला हजार किलो दगडात अर्धा-पाऊण किलो युरेनियम मिळतं. म्हणजे सहा ग्रॅमला दहा-बारा किलो दगड फोडलास. तो चुरा कुणाच्या गावाशेजारी पडतो, ते पोरांना सांग. आणि वापरून झालेले सहा ग्रॅम कुठं जातात, तेही."

मास्तरला याचं उत्तर येत होतं. आपल्याकडं वापरलेलं इंधन पुन्हा प्रक्रियेला जातं, त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढतात, आणि उरलेला अति-किरणोत्सारी कचरा काचेत गोठवून ठेवतात. हे काम तारापूरलाही चालतं आणि इथून खाडीपलीकडं दिसणाऱ्या ट्रॉम्बेलाही. तरी "हे आठवीला झेपणार नाही" म्हणून त्यानं तो भाग गाळला होता. मला ते पटलं नाही. जी पोरं प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण पाठ करतात, त्यांना काचेत कचरा ठेवणं न समजायला काय झालं?

बोईसरकर अजून थांबला नव्हता. "तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली. मासेमारी गेली, वाड्या गेल्या, मग वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या. देशाच्या विजेत अणूचा वाटा किती? तीन टक्के."

"कोयनेनंही गावं बुडवली," अण्णा म्हणाले. "कोळशाच्या खाणींनीही."

"मग तेही सांगा. पण त्यांनी बुडवली म्हणून आमचं माफ, असं नको."

यावर कुणाकडंच पटकन उत्तर नव्हतं. मास्तरला भौतिकशास्त्राच्या तासात विस्थापन घालायचं नव्हतं. नीताचं म्हणणं, भूगोलाच्या बाईंना घ्या जोडीला, एकाच आठवड्यात दोन्ही तास ठेवा. बोईसरकर म्हणाला, मी स्वतः येतो वर्गात, माझ्या मामाचं घर पोफरणला होतं.

"ये," मास्तर म्हणाला, "पण आधी मुख्याध्यापिकांना विचारावं लागेल. आणि डायनॅमोचा तास झाल्यावरच. आधी दिवा लागू दे पोरांचा, मग तू."

"आधी मी," बोईसरकर म्हणाला. त्यावर पुन्हा सुरू झालं, आणि अण्णांनी आणखी पाच कटिंग सांगितले.