लायकोसा म्हणायचं, पण जपून

तुमच्या कोळ्यांवरच्या लेखात 'लायकोसा महाबळेश्वरेन्सिस' या लांडगा कोळ्याला (जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या कोळ्यांपैकी एकाला) जागा दिलीत, मनापासून आभार. फक्त तो लायकोसा प्रजातीचाच, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या त्या गटातलाच आहे हे इतकं ठामपणे लिहायला नको होतं. हे नाव कोळ्यांचे अभ्यासक टिकादार आणि मल्होत्रा यांनी १९८० साली दिलं. पण खरी लायकोसा ही भूमध्य समुद्राच्या परिसरातली. इटलीतल्या तारांतो शहरावरून नाव पडलेली टॅरँट्युला (लायकोसा टॅरँट्युला) ही तिची मूळ जाती, म्हणजे प्रजातीची ओळख जिच्यावरून ठरते ती. पूर्वी जगभरचे मोठे लांडगा कोळी सर्रास याच प्रजातीत टाकले जायचे, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक जातींची फेरतपासणी व्हायलाच हवी.

कोळी नेमका कुठल्या प्रजातीचा, हे नुसत्या फोटोवरून सुटत नाही. रात्री गवतावर बॅटरी मारली की निळसर-हिरवे डोळे लुकलुकतात, मादीच्या पाठीवर पिल्लांची दाटी दिसते. पण हे सगळं या कुळातल्या कितीतरी कोळ्यांत सारखंच! रंगही तेच, मातकट. निवाडा होतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांवरून आणि मादीच्या पोटाखालच्या जननपट्टिकेवरून. म्हणून महाबळेश्वर परिसरातूनच पूर्ण वाढलेले नर-मादी मिळवून नाव देताना वापरलेल्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायला हवेत. पुढच्या लेखात यावर सविस्तर लिहा, ही विनंती.