नावापुढे ‘२’ लागला म्हणून कॉम्प्युटर हॅक झालेला नसतो

काल सकाळी बाबांचा फोन आला. "अगं, माझ्या मॅकबुकचं नाव आपोआप बदललंय. त्या मेसेजमध्ये लिहिलंय अगदी तस्संच."

मेसेज त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा, आणि आठवडाभरात माझ्याकडेही तीनदा आलेला. म्हणे अपडेटनंतर नावापुढे २ दिसला तर हॅकरने मशीनची नक्कल केली आहे. टर्मिनलमध्ये (मॅकवर आज्ञा टाइप करायची खिडकी) अनोळखी नाव दिसलं तर कुणीतरी आत शिरलंय. अपडेट कायमचे बंद करा. आणि खालच्या नंबरवर फोन करून, सांगतील ते ॲप टाकून कोड द्या.

आधी तो नंबर. बाबांनी त्यावर दोनदा फोन लावला होता. लागला नाही म्हणून निभावलं. असं ॲप टाकून कोड दिला की समोरच्याला तुमचा स्क्रीन दिसतो, माउस त्याच्या हातात जातो, आणि बँकेचं पान उघडं असेल तर तेही. जी भीती दाखवली, ती खरी होते ती इथेच. कुणी कोड देऊन बसलं असेल तर ताबडतोब इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता तो २. घरातल्या नेटवर्कवर एकाच नावाची दोन मशीन आली तर काय करायचं, याचा नियमच फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालाय. मशीन सुरू झालं की पाव-पाव सेकंदाने तीनदा विचारतं, हे नाव कुणी घेतलंय का? "हो, माझं आहे" असं उत्तर आलं की दुसरं नाव घेतं. मॅक शेवटी २ जोडतो. बाबांच्या जुन्या लॅपटॉपमधलं सगळं नव्यावर उतरवलं ते मीच, तेव्हा नावही सोबत आलं. परवा अपडेटसाठी त्यांनी जुनाही कपाटातून काढून चालू केला. दोन्ही रीस्टार्ट झाले, नवा मागून उठला, आणि ‘बाबा-मॅकबुक’चं ‘बाबा-मॅकबुक-२’ झालं.

टर्मिनलमधलं अनोळखी नाव बहुतेकदा राउटरकडून येतं. होस्टनेम, म्हणजे मशीनचं नेटवर्कवरचं नाव, ठरवून दिलेलं नसेल तर राउटरच्या यादीत मशीनच्या आयपीसमोर (नेटवर्कवरच्या पत्त्यासमोर) जे नाव असेल, पाहुण्यांच्या फोनचंसुद्धा, तेच दिसतं.

अपडेटचा काहीच संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मॅकच्या २०१४ च्या योसेमिटी या आवृत्तीमध्ये ॲपलने नावं सांभाळणारा प्रोग्रॅमच बदलला आणि लोकांच्या मॅकना खरोखरच (२), (३) लागत गेले. जून २०१५ मध्ये तिच्याच १०.१०.४ या अपडेटने जुना प्रोग्रॅम परत आणला. म्हणजे दुरुस्तीही अपडेटनेच झाली. आणि अपडेट बंद ठेवल्याने काय होतं? वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने मे २०१७ मध्ये जी विंडोज मशीन कुलूपबंद केली, त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलं होतं.

बाबांना फोनवरच सांगितलं: आधी जुन्या लॅपटॉपचं नाव बदला. मग नव्यावर सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, आणि तळाशी लोकल होस्टनेममधला २ हाताने खोडा. तो आपणहून जात नाही. पाच मिनिटांत झालं.