मोटार गेली आसतली

कोकणात वॉशिंग मशीन बिघडायलाही मुहूर्त लागतो. मार्च-एप्रिलमध्ये ते बिघडतच नाही, किंवा बिघडलेलं कळत नाही. निथळता कपडासुद्धा खळ्यातल्या दोरीवर तासाभरात पापडासारखा होतो, मग ड्रायर फिरला काय नि नाही काय. त्याला बिघडायचं असतं आर्द्रा नक्षत्रात, नाहीतर गणपतीला चार दिवस उरले असताना, घरात मुंबईहून नऊ माणसं आणि त्यांचे नऊ जणांचे कपडे येऊन पडल्यावर. पडवीत सोमवारी वाळत घातलेली चादर गुरुवारी हाताला जास्त ओली लागते, तेव्हा त्या प्लास्टिकच्या पिंपाबद्दल मनात खरी भक्ती दाटून येते.

ड्रायरचा टायमर पिळावा, आतून ‘घुंऽऽ’ असा भजनातल्या पेटीसारखा सूर लागावा आणि पिंप ढिम्म. पुढच्या मिनिटाला कुंपणापलीकडून काकींचा निकाल येतो : “मोटार गेली आसतली.” काकींनी मशीन पाहिलेलं नसतं. आमच्याकडे मिक्सर, विहिरीवरचा पंप, शिलाई मशीन, काहीही बंद पडलं तरी मोटारच जाते.

माझा अनुभव असा की मोटर सगळ्यात शेवटी जाते, आणि जाताना करपट वास सोडून जाते. तो वास नसेल तर मोटरीच्या वाटेला जाऊ नका. आधी पिन काढा, पायात रबरी चप्पल घाला आणि मशीन नेमका काय आवाज करत होतं ते आठवा.

काहीच आवाज नसेल तर बहुधा वीज मोटरीपर्यंत पोचतच नाहीये. सॉकेटला टेबललॅम्प लावून बघा. तो पेटला तर संशय झाकणाखालच्या स्विचवर. सेमी ऑटोमॅटिकमध्ये तिथे बहुधा तांब्या-पितळेच्या दोन पट्ट्या असतात, झाकण बंद झालं की एकमेकींना टेकणाऱ्या. खाऱ्या वाऱ्यात त्यांना देवाच्या समईसारखा हिरवा गंज चढतो आणि त्या टेकूनही टेकत नाहीत. बारीक पॉलिश पेपरचे चार हात मारले की काम होतं. कोकणातल्या अर्ध्या ‘गेलेल्या’ मोटारी मला तरी इथेच सापडतात.

घुमतंय पण फिरत नाही, हे खरं दुखणं. इथे चौघेजण संशयित आहेत. पहिला व्होल्टेज. अशा मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो, म्हणजे 230 चे 160 झाले की जोर निम्म्याहूनही कमी. वाडीतल्या सगळ्यांचे पंप एकदम चालू असताना सकाळी सातला ड्रायर घुमत बसला, तर दुपारी दोनला तोच लावून बघा. फिरला, तर मशीनला दोष देऊ नका. दुसरा मोजा. बाहेरचं पिंप आणि आतली जाळी यांच्या फटीत लहान मुलाचा एक मोजा किंवा रुमाल उतरला की आख्खा ड्रायर जाम. कपड्यांवर दाबायची ती प्लास्टिकची जाळीदार चकती असते ना, ती यासाठीच. घरोघरी ती पहिल्या महिन्यात हरवते आणि पुढे मुलं तिचं स्टिअरिंग करतात.

तिसरा ब्रेक. सेमी ऑटोमॅटिकला ब्रेक असतो हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मागचं पत्र्याचं झाकण काढा. स्क्रू गंजलेले असणारच, आदल्या रात्री त्यांच्यावर थेंब-थेंब तेल सोडून ठेवा. ड्रायरच्या मोटरीच्या डोक्यावर एक वाटीएवढा ड्रम दिसेल, त्याला चिकटून ब्रेकची पट्टी, आणि पट्टीपासून वर झाकणापर्यंत गेलेली सायकलच्या ब्रेकसारखी वायर. झाकण बंद केलं की वायर ताणली जाते, पट्टी ड्रमपासून सुटते. उघडलं की स्प्रिंग पट्टीला परत आवळते. वापरून वापरून वायर सैल पडते, मग झाकण बंद असूनही ब्रेक अर्धवट लागलेलाच. मोटर बिचारी हँडब्रेक न काढलेल्या रिक्षासारखी घुमते. पट्टीला बहुधा दोन-तीन भोकं असतात, वायरचा आकडा एक भोक पुढे अडकवा. झाकण बंद ठेवून ड्रम हाताने फिरवला तर तो मोकळा फिरला पाहिजे, आणि झाकण उघडल्यावर चटकन धरला गेला पाहिजे.

आमच्याकडे या ब्रेकचा आणखी एक खास रोग आहे, बंद घराचा. माणसं मे महिन्यात कुलूप लावून जातात ती गणपतीला उगवतात. तीन महिन्यांच्या दमट हवेत ड्रम गंजतो आणि पट्टी त्याला गोचिडीसारखी चिकटते. पट्टी हाताने सोडवायची, ड्रम पॉलिश पेपरने घासायचा, झालं. फक्त हात जोडून एक विनंती : तिथे खोबरेल सोडू नका. मला माहीत आहे, आपल्याकडे केसांपासून कडी-कोयंड्यापर्यंत सगळ्यावर तोच इलाज आहे. पण ब्रेकवर तेल गेलं की ड्रायर झाकण उघडल्यावरही गरगरत राहतो, आणि घाईघाईने आत हात घालणारं कुणीतरी घरात असतंच.

चौथा कंडेन्सर. पुस्तकात त्याला कॅपॅसिटर म्हणतात, पण दुकानात तसं मागितलंत तर मुलगा दोनदा विचारतो. मोटरीला पहिला धक्का देणारा हाच. तो गेला की मोटर घुमते, ब्रेक सुटलेला असतो, ड्रम हाताला मोकळा फिरतो, पण आपणहून सुरुवात होत नाही. डबा फुगलेला किंवा तेलकट दिसला तर निकाल लागलाच. ड्रायरला बहुधा 4 ते 6 मायक्रोफॅरडचा असतो, धुण्याच्या मोटरीला त्याच्या दुप्पट. अंदाज बांधू नका, जुन्याच्या अंगावर लिहिलेला आकडा आणि व्होल्टेज बघून तसाच आणा. आणि पिन काढली तरी हा पठ्ठ्या चार्ज धरून बसतो. बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवून आधी तो रिकामा करायचा, मग हात लावायचा.

तिसरा आवाज धडाड-धडाड. मशीन पडवीतून माजघरात यायला निघालेलं असतं. यात बहुधा बिघाड काही नसतो, एकटी गोधडी किंवा भिजलेली जीन्स एका बाजूला बसलेली असते. कपडे उकलून गोल पसरा, जोडीला दोन टॉवेल टाका. शेणाने सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर मशीन असेल तर चारही पाय टेकलेत का बघा, विटेचा तुकडा सरकवणं हा उपाय नव्हे.

फुल्ली ऑटोमॅटिकचं तंत्र वेगळं. त्याची अट एकच : आतलं पाणी गेल्याशिवाय मी फिरणार नाही. म्हणून आधी पाणी बघा. बऱ्याच टॉप लोडमध्ये पंप नसतो, पाणी आपल्या वजनाने उतरतं. त्याचा पाइप जमिनीलगतच हवा, मोरीच्या कठड्यावरून टाकला की संपलं. शिवाय एकच छोटी मोटर ड्रेनचा व्हॉल्व्हही उघडते आणि पिंपाला फिरवायला जोडणारा क्लचही ओढते, त्यामुळे ती रुसली की पाणीही जात नाही आणि फिरणंही नाही. फ्रंट लोडला खाली, बहुधा उजवीकडे, गोल फिल्टर असतो. परात लावून तो हळू उघडा. समुद्रावर जाऊन आलेली मुलं घरात असतील तर ओंजळभर वाळू, एक शिंपला, दोन पिना आणि पाच रुपयांचं नाणं निघणार.

फेस हाही पाण्याचाच भाऊ. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात पावडर खूप फेसाळते. पुड्यावरचं माप देशावरच्या जड पाण्याचं समजा आणि निम्मी टाका. फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि पिंप वेग घेत नाही.

आणि उंदीर. तळ उघडा असलेल्या मशीनमध्ये ते पावसात राहायलाच येतात, वायरी कुरतडतात. खालून बारीक जाळी ठोका.

एवढं करूनही नाही फिरलं, तर मेकॅनिकला फोन करा. पण नुसतं ‘बंद पडलंय’ म्हणू नका, नाहीतर तो येतो, बघतो, पार्ट कणकवलीहून आणतो म्हणून जातो आणि दसऱ्याला उगवतो. मॉडेल नंबर सांगा, आवाज कोणता येतो ते सांगा, पाणी जातं का, ड्रम हाताने मोकळा फिरतो का ते सांगा. सगळं ऐकून तो विचारतो, “मोटार गेली म्हणून कोण म्हणाला नाय मां?”

फोनच्या या टोकाला काकी उभ्या असतात.