टोकाचे तीन इंच

टेबलावर ठेवायच्या प्लेनरमध्ये खडबडीत फळी घातली की पलीकडून ती गुळगुळीत होऊन बाहेर येते, हे अगदी खरं आहे. फक्त सुरुवातीचे तीन इंच आणि शेवटचे तीन इंच त्यात धरायचे नसतात. तिथे पातं मधल्या भागापेक्षा जरा मोठा घास घेतं आणि फळीच्या दोन्ही टोकांना उथळ खड्डा पडतो. ह्याला स्नाइप म्हणतात. आमचे मिस्त्री एवढी लांबण लावत नाहीत. "मशीन टोक खातंय साहेब," एवढं म्हणून ते तंबाखू मळायला घेतात.

खड्डा असतो दोनेक दशांश मिलिमीटरचा. बायकोला तो दिसत नाही. मी तिच्या बोटाला धरून तो दाखवला तेव्हा ती "हो हो, आहे खरा" म्हणाली, पण तापलेल्या माणसाशी बोलायच्या आवाजात. मात्र पॉलिशचा पहिला हात मारून फळी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. फळीच्या रुंदीभर अशी सरळ रेघ उमटते की वाटतं, कोणीतरी मुद्दाम पट्टीने आखलीय.

अमेरिकेतले हौशी सुतार ह्यावर एक बिनतोड उपाय सांगतात. फळी मुळातच सहा इंच जास्त लांब घ्या, रंधून झाली की दोन्ही टोकं कापून टाका. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्याकडे घरांच्या भिंतीचे सांगाडेसुद्धा लाकडाचे असतात. आमच्याकडे सागवान भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घनफुटाच्या हिशेबाने येतं आणि दुकानदार भाव सांगत असताना मी कशाला तरी धरून उभा असतो. तीन फुटांच्या फळीतले सहा इंच म्हणजे सहावा हिस्सा! ज्या घरात दोडक्याच्या शिरांचीही चटणी होते, त्या घरातून एवढं सागवान कचऱ्यात जाणार नाही.

म्हणून मूळ शोधणं भाग होतं. प्लेनरमध्ये पात्याच्या अलीकडे एक रोलर असतो, पलीकडे एक. दोन्ही रोलर फळी दाबून धरतात तोवर सगळं सुरळीत. पण फळी आत शिरताना तिला एकटा अलीकडचा रोलर धरतो आणि बाहेर पडताना एकटा पलीकडचा. पालखीचा एक भोई अजून आलाच नाही किंवा आधीच घरी गेला, तर पालखीचं जे होईल तेच फळीचं होतं. बाहेर लोंबणारं टोक वजनाने खाली जातं, आतलं टोक वर उठतं आणि थेट पात्याच्या तोंडी. त्यात भर म्हणजे पातं बसवलेला मशीनच्या डोक्याचा सगळा भाग, मोटरसकट, खांबांवर किंचित डुलतो. माझ्या मशीनला तो घट्ट करायचा एक खटका आहे. तो दाबल्यावर बराच फरक पडला, पण समाधान होईल इतका नाही.

खरी गोम फळीला आधार देणाऱ्या, मशीनच्या दोन्ही बाजूंच्या घडीच्या टेबलांत असते. ती कारखान्यातून येतात तेव्हा पात्याखालच्या मधल्या पाट्याशी सपाट असतील असं आपण गृहीत धरतो, आणि ती बाहेरच्या टोकाला खाली कललेली निघतात. ती सपाटपेक्षाही किंचित वर हवीत. मी गवंड्याकडून अॅल्युमिनियमची लांब पट्टी मागून आणली आणि ती मधल्या पाट्यावर आडवी धरून, फटीत पत्त्यांची पानं सरकवत माप घेतलं. दोन पानांइतका चढ ठेवायचं ठरलं. दहा-अकराचा पाना लावून बोल्ट फिरवला, माप जमलं. वरचा नट आवळला, माप गेलं. नट सैल केला, माप परत आलं. नट आवळताना ते किती पळतं याचा अंदाज घेऊन तेवढं आधीच चुकवून ठेवावं लागतं, हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडलं नाही. तिकडे घरात मुलांनी बदाम सातचा डाव मांडला होता आणि बदामाची सत्ती कोणाकडेच निघत नव्हती. ती टेबलाखाली माझ्याकडे होती. डाव सुरू होण्याचा प्रश्नच नव्हता.

टेबलं जमली तरी फळी पाच फुटांच्या पुढे गेली की हाताने साथ द्यावीच लागते. आत घालताना मागचं टोक हलकेच उचलून धरायचं. पलीकडच्या रोलरने पकडलं की धावत जाऊन पुढचं टोक उचलायचं. एकट्याने हे करणं म्हणजे मशीनला प्रदक्षिणा. म्हणून बायकोला पलीकडे उभं केलं. कानांवर मफ, समोर मशीनचा आक्रोश, त्यामुळे सगळा संवाद खुणांचा. मी "जरा वर" अशी खूण केली, तिने ती "पुरे" अशी घेतली आणि आत पोळ्या लाटायला गेली.

शेवटी सागवानाला बंदोबस्त दिला. पॅकिंगच्या पेट्यांमधलं टाकाऊ पाइन सागवानाच्या जाडीचं करून घेतलं. आता आधी पाइनची पट्टी, तिच्या टोकाला टोक भिडवून सागवान, त्याच्यामागे पुन्हा पाइन, मध्ये कुठेही फट न ठेवता. मशीनला टोक खायचंच असतं, ते पाइनचं खातं. मधल्या पाट्यावर मेणबत्ती घासून पुसून घेतली, फळी अडखळायची थांबली. शेवटचा हात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. फळी बाहेर आली, मी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. रेघ नाही!

आवाज थांबलेला ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू पार्किंगमध्ये आल्या. हातात पोळपाट.

"मधे खोलगट झालाय रे. एकदा फिरवून दे ह्यातून."

मी सांगितलं, काकू, फूटभरापेक्षा लहान लाकूड ह्यात घालत नाहीत, दोन्ही रोलरना एकदम सापडत नाही, पात्याखाली उलटतं. शिवाय पोळपाटाला खाली पाय आहेत, तो पाट्यावर सपाट बसणारच नाही.

काकूंनी मशीनकडे पाहिलं, भुशाच्या ढिगाकडे पाहिलं, आणि दारात आलेल्या बायकोला विचारलं, "मग सकाळपासून करतोय काय हा?"

"टोकं उचलतोय," ती म्हणाली.