रीपर्स खरे कळले ते चाहत्यांनाच

'मास इफेक्ट' ही व्हिडिओ गेम मालिका खेळायची अजून बाकी असेल तर ही पोस्ट इथेच सोडा. पुढे तिन्ही भागांचं सगळं फोडणार आहे.

तिसऱ्या भागाचा शेवट खरा घडतच नाही, तो रीपर्स या शत्रूने नायक शेपर्डच्या मनावर केलेला हल्ला आहे, असं मानणाऱ्या इंडॉक्ट्रिनेशन थिअरीचा विषय काढला की हल्ली एकच उत्तर मिळतं: "ती खोटी ठरली ना, लेखकानेच सांगितलंय." सांगितलंय, बरोबर. मालिकेच्या लेखकांपैकी एकाने नंतर स्पष्ट केलं की ही कल्पना सर्वस्वी चाहत्यांची आहे, त्यांनी तसं काही योजलं नव्हतं. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. तरीही मी या थिअरीच्या बाजूने उभा आहे. रीपर्सची भीती नेमकी कशात आहे हे तिला जेवढं उमगलं, तेवढं तिसऱ्या भागाच्या शेवटाला उमगलं नाही.

रीपर्स म्हणजे दोन-दोन किलोमीटर लांबीची, स्वतःची बुद्धी असलेली यंत्रं. दर ५०,००० वर्षांनी आकाशगंगेबाहेरच्या काळोखातून यायचं, अंतराळात पोचलेल्या सगळ्या संस्कृतींची कापणी करायची आणि परत निघून जायचं. सिटाडेल हे महाकाय स्थानक आणि प्रवासासाठीचे मास रिले त्यांनीच बांधून ठेवलेले. त्यामुळे नवी संस्कृती वाढते ती त्यांनी आखून दिलेल्या वाटेवरच. २००७ च्या पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर ती लाल आकृती बोलायला लागते, तो प्रसंग आठवा. तोवर आपण सॉव्हरिनला खलनायक सॅरेनचं जहाज समजत असतो. इथे कळतं की सॉव्हरिन हाच एक रीपर आहे, जहाजच मालक आहे आणि सॅरेन त्याचं हत्यार. शेपर्ड विचारतो, तुम्हाला हवंय तरी काय? सॉव्हरिन कारण सांगत नाही. तुम्हाला कळणार नाही, एवढंच म्हणतो.

पण त्यांचा आकार आणि लेझर या दुय्यम गोष्टी. खरं शस्त्र इंडॉक्ट्रिनेशन. रीपरच्या सान्निध्यात राहिलेला माणूस हळूहळू त्याच्याच मताचा होतो, आणि ते मत आपलंच आहे याची त्याला खात्री असते. पहिल्या भागात नोव्हेरिया ग्रहावर सॅरेनची साथीदार मेट्रिआर्क बेनेझिया क्षणभर भानावर येते आणि सांगते की ती स्वतःच्याच मनात कैद होती, काचेवर मुठी आपटत होती, आणि बाहेर तिचेच हात माणसं मारत होते. दुसऱ्या भागात मेलेल्या रीपरच्या आत सर्बेरस या गुप्त संघटनेच्या शास्त्रज्ञांची एक नोंद सापडते. एक जण आपल्या बायकोची आठवण सांगतोय आणि दुसरा म्हणतो, अरे, ही तर माझी बायको, माझी आठवण. दोघांनाही तितकंच ठाम वाटतंय. त्या अर्ध्या मिनिटाच्या नोंदीत जी भीती आहे, ती कुठल्याच लढाईत नाही.

मार्च २०१२ मध्ये तिसरा भाग आला. लंडनमध्ये हार्बिंजर या रीपरचा किरण शेपर्डला लागतो. मग तो कसाबसा सिटाडेलवर पोचतो आणि तिथे रीपर्सना चालवणारी बुद्धी, कॅटॅलिस्ट भेटतो, सुरुवातीला व्हॅंकूवरमध्ये मेलेल्या त्या लहान मुलाच्या रूपात. समोर तीन वाटा: लाल, रीपर्सचा नाश. निळी, त्यांच्यावर ताबा. हिरवी, सजीव आणि यंत्रं यांचा संयोग. यावर चाहत्यांनी म्हटलं की किरण लागल्यापासूनचं सगळं शेपर्डच्या डोक्यात चाललंय, हाच त्याच्यावरचा इंडॉक्ट्रिनेशनचा शेवटचा हल्ला आहे.

पुरावे ढिगाने दिले गेले, त्यातले निम्मे मी स्वतः बाजूला काढीन. पिस्तुलाच्या गोळ्या संपत नाहीत, झुडपं स्वप्नातल्यासारखी दिसतात, ही गेम बनवतानाची सोयही असू शकते. गोळी शेपर्डच्या जुन्या वरिष्ठाला, अँडरसनला लागते आणि थोड्या वेळाने रक्त शेपर्डच्या हाताला दिसतं, हे जास्त विचार करायला लावणारं आहे. दुसऱ्या भागाच्या 'अरायव्हल' या डीएलसीत, म्हणजे नंतर आलेल्या जोडभागात, शेपर्ड रीपरच्या एका वस्तूशेजारी दोन दिवस बेशुद्ध पडलेला असतो, हेही विसरून चालणार नाही.

मला पटलेला मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो सोडून लोक झुडपांवर का भांडतात ते मला कळत नाही. तीन वाटांपैकी दोन आपण आधीच ऐकलेल्या आहेत, आणि दोन्ही रीपर्सनी पोखरलेल्या माणसांच्या तोंडून! सजीव आणि यंत्र एकत्र यावेत, दोघांचीही ताकद टिकावी, हे सॅरेनचं म्हणणं होतं. रीपर्सना संपवू नका, त्यांच्यावर ताबा मिळवा, हे सर्बेरसचा प्रमुख इल्युझिव्ह मॅनचं. दोघांशी आपण वाद घातला. दोघांना पटवता आलं तर दोघेही स्वतःवर गोळी झाडून घेतात, कारण शेवटच्या घडीला त्यांना कळतं की तो विचार आपला नव्हताच. आणि मग दहा मिनिटांत तेच दोन विचार एक मूल आपल्यापुढे शहाणपणाचे पर्याय म्हणून ठेवतं. त्यातही संपूर्ण मालिकेत सज्जनपणाचा असलेला निळा रंग ताब्याला दिलाय आणि निष्ठुरपणाचा लाल रंग नाशाला. तयारी पुरेशी असेल तर ढिगाऱ्याखाली श्वास घेणारी शेपर्डची ती छाती दिसते, तीही फक्त लाल वाटेवर.

लेखकांनी हे ठरवून केलं नसेल. पण तिन्ही भागांनी घालून दिलेले नियम हातात धरून चाललं की इथेच पोचतो. मला थिअरीकडून एवढंच हवं असतं.

डार्क एनर्जीची थिअरी मला तितकी भावत नाही. हेस्ट्रॉम ग्रहाचा सूर्य अकाली म्हातारा होतोय, शेपर्डची सहकारी टाली तिथे संशोधन करतेय, हे धागे दुसऱ्या भागात आहेत हे खरं. पहिल्या भागाचे प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन यांनीही नंतर सांगितलं की रीपर्सचा हेतू डार्क एनर्जीशी जोडण्याची कल्पना विचारात होती, पण ती पक्की झालेली नव्हती. पक्की झाली असती तरी रीपर्सना एक कारणच मिळालं असतं. ऑगस्ट २०१२ च्या 'लेव्हायथन' या डीएलसीने तेच केलं: निर्माते, त्यांची फसलेली योजना, पहिला रीपर हार्बिंजर, सगळा हिशेब मांडून दिला. समुद्राच्या तळाचं दृश्य अप्रतिम आहे, पण व्हर्मायरवरचा सॉव्हरिन त्यानंतर पूर्वीसारखा ऐकू येत नाही.

चाहत्यांना हट्टी म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. त्याच लोकांनी शेवटावरच्या नाराजीच्या भरात मुलांच्या रुग्णालयांसाठी काम करणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' संस्थेला ८०,००० डॉलर्सहून अधिक निधी जमवून दिला. जून २०१२ मध्ये शेवट वाढवून दाखवणारा 'एक्स्टेंडेड कट' मोफत आला तो त्यांच्या रेट्यामुळेच. त्यात तिन्ही वाटांचे परिणाम खरे म्हणून दाखवलेत, आणि थिअरी तिथे संपली असं अनेक जण मानतात. मी मानत नाही.

कारण लाल वाट निवडताना कॅटॅलिस्ट बजावतो की गेथ ही यंत्रांची जमातही मरेल, सगळी कृत्रिम बुद्धी मरेल. म्हणजे शेपर्डच्या जहाजाची बुद्धी असलेली ईडीआयसुद्धा. दोन भाग सोबत काढलेली ईडीआय, त्यांच्यातल्याच लीजनने ज्यांच्यासाठी जीव दिला ते गेथ. शेवट जसाच्या तसा घेतला तर ही त्या निर्णयाची किंमत. थिअरीच्या नजरेने बघितलं तर हा शत्रूचा शेवटचा युक्तिवाद, तुमच्या चांगुलपणालाच घातलेला हात. मी दर वेळी लालकडेच चालत गेलोय, आणि दर वेळी ते वाक्य ऐकून थबकलोय.

तुम्ही कुठला रंग निवडलात आणि त्या क्षणी कॅटॅलिस्टवर विश्वास ठेवलात का, हे कमेंटमध्ये सविस्तर लिहा. 'हिरवा'वाल्यांनी तर नक्की लिहा, त्यांच्याशी मला मनापासून बोलायचंय.