कंबर सात, घेर दोनशेपाच

गेल्या रविवारी हडपसर सोडून सासवडकडे एका मुंजीला निघालो होतो. पांढरे पट्टे उडालेल्या एका स्पीडब्रेकरवर माझ्या गाडीचं मागचं उजवं चाक असं काही खर्रर्र करून ओरडलं, की मागे बसलेले सासरे म्हणाले, "जावईबापू, थांबवा जरा. मी उतरतो. तुमच्या चाकाला माझं ओझं होतंय."

मला वाटलं गंमत करताहेत. ते खरंच उतरले. स्पीडब्रेकर पायी ओलांडून पलीकडे पाच पावलांवर, एसटीची वाट बघतात तसे, हाताची घडी घालून उभे राहिले. मी हळूच गाडी पुढे घेतली आणि गाडी चकार आवाज न करता पार झाली. खरा अपमान झाला तो तिथे. निदान त्या वेळी तरी चाक घासायला हवं होतं. माणूस उतरला की आवाज बंद, हा प्रयोग त्यांनी दिवे घाटाच्या आधी आणखी दोनदा करून दाखवला. मुंजीच्या मांडवात बटू भिक्षावळीला निघेपर्यंत ही बातमी तिन्ही पंगतींत फिरली होती. एका चुलत मेहुण्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "जाताना आम्हाला सोडाल का? की आधी वजन करून येऊ?"

ह्या सगळ्याचं मूळ माझा भाचा. त्याला सतरा इंची चाकं घ्यायची होती, म्हणून स्वतःची पंधरा इंची मॅगव्हील्स त्याने मला 'घरातच राहतील' ह्या भावनेने विकली. "मामा, गाडी भरीव दिसते," एवढ्या एका वाक्यावर मी भाळलो. स्विफ्टचं मधलं मॉडेल आहे माझं. कंपनीतून चौदाची लोखंडी चाकं, त्यावर १६५/८० आर १४ चे टायर. नव्या रिमला नवे टायर लागणार होते. दुकानदाराने माझ्याकडे न बघता विचारलं, "रुंद टाकायचे ना?" मी 'हो' म्हणालो. कुठला पुरुष भर दुकानात 'नको, अरुंद द्या' म्हणेल?

त्याने २०५/६५ आर १५ काढले. "इनोव्हाचा साइज आहे सर, आयुष्यभर बघायला नको." खोटं नव्हतं ते, जुन्या इनोव्हाला हेच टायर यायचे. माझी गाडी इनोव्हा नाही, ही बाब आम्हा दोघांच्याही मनात आली नाही. त्याच्या आली असेल, तो बोलला नाही.

आता हा टायरवरचा आकडा. ज्या कोणी तो ठरवला, त्याच्या घरी तीन भाषा बोलत असणार. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, टायरची रुंदी. दुसरा टक्क्यांत, आणि टक्के कशाचे, तर पहिल्याचे. म्हणजे रिमच्या कडेपासून वर टायरच्या गालाची उंची ही रुंदीच्या किती टक्के. तिसरा आकडा इंचांत, रिमचा व्यास. आमच्या आत्याचं असंच होतं: दूध लिटरमध्ये, तांदूळ शेरात आणि सोनं तोळ्यात. पण तिचा हिशेब कधी चुकला नाही. माझा चुकला, कारण मी फक्त पहिला आकडा वाचला. रुंदी वाढवली आणि टक्के तेवढे खाली आणले नाहीत, तर टायर आडवा वाढतोच, वर उभाही वाढतो. जुनं चाक उभं ६२० मिलिमीटर भरायचं, हे नवं ६४७. त्यामुळे आधी काट्यावर ८० दिसताना गाडी जितकी पळायची, त्यापेक्षा साडेचार टक्के जास्त पळते, आणि शंभर किलोमीटर चालली की मीटर पंच्याण्णव-शहाण्णवच मोजतो. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून मी महिनाभर पेट्रोल पंपवाल्यावर संशय घेत होतो. त्या पोराची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे.

तर मंगळवारी मी तावातावाने त्या दुकानात गेलो. चाक घासतंय म्हटल्यावर मालक शांतपणे म्हणाले, "चालतंय की सर. थोडं घासून घासून आपोआप बसेल." चप्पल चावते तेव्हा चप्पलवालाही अगदी हेच म्हणतो.

बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काका बसले होते. गळ्यात मोजायची टेप, शर्टाच्या कॉलरवर दोन टाचण्या, कानामागे खडू. अ‍ॅक्टिव्हाचं पंक्चर काढायला शेजारच्या दुकानातून उठून आले होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

"कंबर किती?" काका म्हणाले.

मी दचकून पोट आत घेतलं.

"तुमची नव्हे हो. रिमची."

मालकाने रिमच्या आतली खूण बघून सांगितलं, "पंधरा बाय सात. रुंदी सात इंच."

"कंबर सात. आणि घेर?"

"दोनशेपाच."

"आणि आधी काय होतं?"

"एकशेपासष्ट."

काकांनी डोळे मिटले. मापाबाहेर कापड फाडलेलं बघून शिंप्याच्या चेहऱ्यावर जी कळा येते ती आली. मग उठून त्यांनी पोराला गाडी जॅकवर घ्यायला लावली आणि चाक काढून फरशीवर उभं धरायला सांगितलं. टायर उतरवायच्या दोन लोखंडी पट्ट्या टायरच्या दोन्ही गालांना लावून त्या पट्ट्यांमधलं अंतर टेपने घेतलं. टेप कापडी, कडा विरलेली, शून्याजवळ इस्त्रीचा डाग.

"साडेएकवीस सेंटिमीटर."

"दोनशेपाच लिहिलंय," मी म्हणालो. माझा आवाज ग्राहक मंचात बोलल्यासारखा निघाला असावा.

"लिहिलेलं कापडावरचं असतं साहेब. अंगावर घातलं की ताणतं. का रे, हे सहाच्या रिमवर मोजतात ना?"

मालकाने नाइलाजाने मान हलवली. कंपनी टायरची रुंदी ठरावीक रिमवर मोजते. रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतली की टायर साधारण पाच मिलिमीटर फुगतो. सात घेतली, दहा वाढले. म्हणजे मी २०५ च्या नावाखाली २१५ घेऊन हिंडत होतो. हे गणित मला एका शिंप्याने सांगावं, आणि ते ऐकायला टायरच्या दुकानातली सहा माणसं हातातली कामं टाकून जमावीत!

"बाही कुठे जोडली ते बघा आता," काका चाकाची आतली बाजू दाखवत म्हणाले. "खांद्यावर जोडायची ती बाहेर दंडावर जोडली. मग बाही लांब नसली तरी हात झाकून जातो."

ह्याला ऑफसेट म्हणतात, असं मालक पुटपुटले. नट जिथे बसतात तो भाग रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, ते मिलिमीटरमध्ये रिमवर कोरलेलं असतं. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. भाच्याच्या रिमवर ३५ होता. म्हणजे चाक आधीच मडगार्डच्या बाहेर डोकावत होतं, वर टायर फुगलेला, वर उंच, वर सासरे.

काकांचा उत्साह एव्हाना आवरेना. मधल्या भोकात दोन बोटं घालून फिरवत म्हणाले, "हे बघा, काज मोठं, बटण लहान." तेही खरं निघालं. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, व्यास ५४.१ मिलिमीटर, रिमचं भोक ७३.१. मध्ये एक कडं बसवायचं असतं, ते कोणी बसवलंच नव्हतं. नव्वदला स्टिअरिंग का थरथरतं, म्हणून मी दोनदा बॅलन्सिंगचे पैसे मोजले होते. ह्याच दुकानात. शिसाची वजनं चिकटवताना ह्याच पोराने दोन्ही वेळा ते भोक बघितलं असणार.

इथे मला खरंच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. चारशे रुपयांची चप्पल घेताना दुकानदार पाय बघतो. चार टायर घेताना, गाडीत किती माणसं बसतात, रिम किती रुंद आहे, एवढं एका माणसाने विचारू नये? गाडी हलवून, पूर्ण वळवून, मागे चार जणांना बसवून बघायला पाच मिनिटं लागतात. पण दुकानात जे पडून असतं ते ग्राहकाला शोभतं. टायरच्या गालावर चार आकड्यांची एक चौकट असते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या 'नव्या' टायरवर ३१२२ होतं. २०२२ सालचा एकतिसावा आठवडा. तेव्हापासून ते तिथे माझी वाट बघत होते. आणि डिकीत स्टेपनी अजून जुनीच, चौदाची. पंक्चर झालं की तीन चाकं इनोव्हाची आणि एक स्विफ्टचं.

"आता काय करायचं?" मी मालकांना विचारलं, पण उत्तर काकांनी दिलं.

"बसतील तेवढेच घ्या."

टॉप मॉडेलचं १८५/६५ आर १५ घ्यावं, असं मला वाटत होतं. त्याच गाडीला कंपनी तेच देते, उंचीही जवळपास तीच. मालक म्हणाले, ते साडेसहापर्यंतच्या रिमला चालतं, सातवर ताणून बसेल, कडा उघडी पडेल. मग १९५/६० आर १५. सातच्या रिमवर बसतं, आणि उंची ६१५, म्हणजे जुन्यापेक्षा जेमतेम पाच मिलिमीटर कमी. हे सगळं त्यांना माहीत होतं! दीड महिन्यापूर्वीही माहीत होतं.

"आणि सातवर चढलं की फुगून किती होणार?" काकांनी मला विचारलं. वर्गात उभं केल्यासारखं वाटलं.

"दोनशेपाच," मी म्हणालो.

"झालं तर मग. मिळालं तुमचं दोनशेपाच."

जुने टायर निम्म्या किमतीत परत घेतले. ती निम्मीसुद्धा उपकार केल्यासारखी. कडी बसली, काम तासाभरात झालं. काकांनी सहा माणसांना मागे कोंबून समोरच्या स्पीडब्रेकरवरून दोन फेऱ्या मारायला लावल्या, स्वतः मडगार्डला कान लावून बाजूने चालत. आवाज नाही. मी सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "छान. पण पुढच्या वेळी आम्ही बसनेच येऊ. गाडीला आमची सवय नको."

पैसे द्यायला गेलो तर काकांनी हात जोडले. मग त्यांची नजर खाली गेली.

"ही पँट कुठे शिवली?"

"रेडीमेड आहे."

"तरीच," काका म्हणाले, आणि जमलेल्या सहाही जणांनी माझ्याकडे मागून बघितलं. "कंबर दोन इंच जास्त, मांडीला घासतेय. उद्या आणून टाका, गुरुवारी देतो."

बुधवारी नेऊन टाकली. काल गुरुवारी गेलो. शटर खाली. त्यावर पाटी : दर गुरुवारी दुकान बंद.